एकदाच मागे येणारं प्यादं

माझ्या मामाच्या घरी टेबलावर कायम कुणाचं ना कुणाचं हसू पडलेलं असायचं. कधी वरच्या दातांचं, कधी खालच्या, कधी नुसतंच मेणातलं, अजून हिरड्या न फुटलेलं. मामा आणि मामी दोघं मिळून कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायचे, मामा त्यात प्लास्टर ओतून हिरड्यांचे साचे काढायचा आणि मामी त्यावर मेणात एकेक दात बसवायची. ज्यांच्या तोंडात हे दात जायचे ती माणसं त्यांनी कधी पाहिली नाहीत. तरी मामी काम करता करता त्यांच्याशी बोलायची. "आजोबा, तुम्ही डावीकडूनच चावता वाटतं? बरं, तसं तर तसं."

मी प्रत्येक सुट्टीत तिथे असायचे, कारण आईला मी झेपायचे नाही. राग तेव्हाही माझ्या नाकावरच होता. मामीला त्याचं काही वाटायचं नाही. "रागाव, पोटभर रागाव," म्हणायची, "फक्त ते पातेलं बाजूला ठेव आणि मग रागाव."

कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला होती, लांबट, बोळासारखी. खिडकीखाली टेबल, त्याच्या कडांवर वर्षानुवर्षांच्या प्लास्टरचे थर. एका कोपऱ्यात पॉलिशचं चाक आणि दुसऱ्यात गॅसची शेगडी. त्या खोलीत मेणाचा, ओल्या प्लास्टरचा आणि कवळीच्या हिरड्या ज्याच्या होतात त्या गुलाबी मसाल्याचा मिळून एक उग्र वास भरलेला असायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. मला मात्र आजही कुणी शेजारी नेलपॉलिशची बाटली उघडली तर तो वास आठवतो आणि उगाच भरून येतं. वर्गातल्या मुली विचारतात, बाई, काय झालं? काय सांगणार, की मला कवळ्यांची आठवण आली?

मसाला पितळी डबीत दाबून भरायचा, डबी शिकंज्यात आवळायची आणि पाण्याच्या पातेल्यात सोडायची. ते पाणी हळूहळू तापलं पाहिजे. घाई केली की कवळीत बुडबुडे धरतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून पातेल्यापाशी कुणीतरी बसून राहावं लागतं. खरं तर एकाने बसून भागलं असतं. पण दोघंही बसायचे, समोरासमोर दोन स्टुलांवर, आणि मध्ये तिसऱ्या स्टुलावर बुद्धिबळाचा पट. एक पातेलं, एक डाव, असा त्या घराचा शिरस्ता होता. डाव संपायच्या आत डबी झाली तर पट तसाच अलगद उचलून कपाटावर जायचा आणि पुढच्या कवळीच्या वेळी खाली यायचा. एक पांढरं प्यादं कधीतरी हरवलं होतं, त्याच्या जागी मामाने हिरडीच्या मसाल्याचं गुलाबी प्यादं घडवलं होतं. ते इतरांपेक्षा जरा जाडसर झालं होतं. मामी त्याला जावईबापू म्हणायची.

बहुतेक डाव मामा जिंकायचा. मामी हरायची, पण सहजासहजी नाही. ओठ मुडपून, चष्मा कपाळावर सरकवून ती पटावर अशी वाकायची की मामा म्हणायचा, "अगं, मोहरे खाशील." मग मधूनच खोलीत तिचा आवाज घुमायचा, "माघारी!" आणि ती आपलं एक प्यादं एक घर मागे ओढायची.

हा नियम सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. आमच्याकडे डावात एकदा, फक्त एकदाच, कुठलंही एक प्यादं एक घर मागे घेता यायचं. घेताना मोठ्याने "माघारी" म्हणायचं. मामी आपली माघारी जपून ठेवायची, डब्यातलं शेवटचं बिस्किट ठेवावं तशी, आणि अगदी गळ्याशी आलं की काढायची. मामा मात्र आपली माघारी सुरुवातीलाच कुठल्यातरी बिनकामाच्या प्याद्यावर उडवून टाकायचा. मग मामीची बोलणी ठरलेली. "घातलीत ना वाया? इतकी वर्षं झाली, तुम्हाला माघारी वापरता म्हणून येत नाही." मामा मान डोलावायचा आणि शेगडीची आच बघायला उठायचा.

मी बुद्धिबळ शिकले ते त्या शेगडीपाशी, त्यामुळे माघारीसकट शिकले. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये एका मुलीशी खेळताना मी ऐटीत "माघारी" म्हणून प्यादं मागे घेतलं, तेव्हा ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. मी तिच्याशी कडाकडा भांडले. मग नियमांचं पुस्तक आलं, आणि माझी चांगलीच जिरली. जगात कुठेही प्यादं मागे येत नव्हतं. फक्त आमच्या मामाच्या घरी येत होतं.

पुढच्या सुट्टीत मी तावातावाने मामाला गाठलं. तो चाकावर कवळी घासत होता.

"मामा, प्यादं मागे येत नाही."

त्याने चाक बंद केलं. मामी आत स्वयंपाकघरात आहे ना, ते कान देऊन ऐकलं.

"नसेल येत बाहेर," तो म्हणाला. "मामीला मात्र हे बोलू नकोस."

"का पण?"

"नको म्हटलं ना."

मामा माझ्याशी असं तोडून कधी बोलला नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं की हा कुठेतरी चुकीचं शिकलाय आणि आता बायकोसमोर चूक कबूल करायला लाजतोय. त्या वयात माझे सगळे निष्कर्ष पुरुषांच्या विरुद्धच निघायचे. त्याच भरात आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रविवारच्या पेपरात बुद्धिबळाचं सदर यायचं, आणि मामाच्या घरी पेपर वाचायला मिळायचा तेव्हा त्या जागी चौकोनी खिडकी असायची. विचारलं तर म्हणायचा, प्लास्टरची सुरी पुसायला कागद लागतो. मी म्हटलं, बघा, चूक लपवायला माणूस काय काय करतो.

वर्षं गेली. मी दूरच्या गावी शाळेत गणित शिकवायला लागले, सुट्ट्या आखडल्या. मामा गेला तो साध्या तापाचं निमित्त होऊन. इतक्या पटकन गेला की कपाटावर एक डाव अर्धा राहिला होता.

मामीने काम सोडलं नाही. नवे डॉक्टर मशीनवर कवळ्या करून घ्यायला लागले होते, पण दोन-तीन जुने डॉक्टर अजून ठसे पाठवत. ती एकटीच प्लास्टर ओतायची, एकटीच दात बसवायची, पातेलं चढवायची आणि पट मांडून बसायची. माझी बदली होऊन मी परत त्या गावात आले तेव्हा पाहिलं, तर तिचं बोलणं पार आटलं होतं. मेणातल्या दातांशीसुद्धा बोलत नव्हती. फोनवर "हं" आणि "बरं" यापलीकडे शब्द नाही. पट समोर असायचा आणि मोहरे जागच्या जागी.

"दोन्ही बाजूंनी खेळून बघ की," मी म्हटलं.

"बघितलं," ती म्हणाली. "पण मग माघारी कुणाला सांगू?"

मी तिच्याशी खेळायचा प्रयत्न केला. पण मी पटकन हरते आणि हरले की भडकते. दोन डावांनंतर तीच म्हणाली, "राहू दे गं, तुझं डोकं दुखेल." तिला समोर कुणीतरी हवं होतं, नाहीतर ती अशीच विझत जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी तिला वाचनालयात घेऊन गेले.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दुपारी निवृत्त मंडळी बुद्धिबळ खेळत बसत. खुर्च्या डुगडुगत्या, पंखा कुरकुरणारा, पण चुरस मोठी. त्यांच्यातले म्होरके एक निवृत्त सर्व्हेअर होते. जन्मभर जमिनी मोजल्या होत्या आणि बसतानाही ताठ बसत, म्हणून सगळे त्यांना ओळंबा म्हणायचे. मामीला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि पांढरे मोहरे तिच्याकडे सरकवले. मामी सुरुवातीला बुजली. पण चार चालींत तिचा चष्मा कपाळावर गेला आणि मला हायसं वाटलं. आजूबाजूचे दोघं-तिघं आपला डाव सोडून बघायला आले. ओळंबांचं बोट हनुवटीवर टेकलं होतं. आणि मी, मूर्खासारखी, त्या आनंदात माघारीचं विसरूनच गेले.

"माघारी!" मामी खणखणीत म्हणाली आणि तिने प्यादं मागे ओढलं.

"हे काय?" ओळंबा म्हणाले.

"माघारी."

"बाई, प्यादं मागे येत नाही."

मामी हसली. त्यांची कीव आल्यासारखी हसली. "अहो, डावात एकदा येतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

मग हशा झाला. वाईट मनाने नव्हे, पण झाला. कुणी म्हणालं, मग हत्तीही उडवा. ओळंबांनी सरळ विचारलं, "तुम्हाला खेळ शिकवला कुणी?"

"आमच्या ह्यांनी."

"मग त्यांनाच नीट येत नसणार."

मामी माझ्याकडे वळली. "तू सांग गं यांना. तू तर शिकली-सवरलेली आहेस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला त्या ओळंबांच्या ताठ मानेचा असा संताप आला होता की पट उचलून खिडकीबाहेर भिरकावावासा वाटला. पण ते खोटं बोलत नव्हते.

"मामी, नाही येत गं," मी म्हटलं.

तिने प्यादं उचलून पुढच्या घरात परत ठेवलं, पर्स घेतली आणि जिना उतरायला लागली. घरी मागच्या खोलीत गेल्यावर म्हणाली, "लोक यांना हसले. मी तिथे बसले होते आणि लोक यांना हसले." मग तिने पट कपाटावर टाकला आणि त्याच्यापुढे प्लास्टरचं पोतं उभं केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना निरोप गेला की आता काम पाठवू नका, पातेल्यापाशी बसवत नाही.

मी हात चोळत बसणारी बाई नाही. पण यावर मला काही सुचेना. रागारागाने मी आईला फोन केला, तुझ्या भावाने काय करून ठेवलंय बघ म्हणून. मला वाटलं होतं आई भावाची बाजू घेईल, आपण भांडू आणि मला मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही.

"मी येते," आई म्हणाली. "हे फोनवर सांगायचं नाही."

आली ती तडक मागच्या खोलीत जाऊन मामाच्या स्टुलावर बसली. मामी टेबलाच्या कडेचं जुनं प्लास्टर सुरीने खरवडत होती, उगाच.

"वहिनी, दादाला खेळता येत नव्हतं असं तुला वाटतंय ना?"

"तसंच दिसतंय, वन्सं." मामी माझ्या आईला अजून वन्सं म्हणते, त्यातही चिडली असली की जरा जास्तच ठसक्यात.

"दादा स्पर्धा खेळायचा. दोन कप आहेत त्याचे, माझ्याकडे पेटीत. लग्नानंतर त्याने बाहेर खेळणं सोडलं."

मामीची सुरी थांबली.

"तुझं लग्न होऊन आठवडाही झाला नसेल," आई सांगायला लागली. "दादाने तुला आदल्या दिवशी मोहरे कसे चालतात ते शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढच्या खोलीत खेळत होतात, मी वेणी घालत बसले होते आणि बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. तू चुकून प्यादं मागे घेतलंस. बाबांनी पेपर खाली केला. बाबा तुला माहीतच आहेत. लहानपणी माझा सातचा पाढा एकदा चुकला, तर माझं लग्न होईपर्यंत मला सातचोक म्हणून हाक मारायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. मला वाटलं, संपलं, आता हिला जन्मभराचं नाव पडणार. बाबांनी तोंड उघडलं आणि दादा मोठ्याने म्हणाला, 'बरोबर आहे. डावात एकदा प्यादं मागे येतं. त्याला माघारी म्हणतात.' आणि लगेच त्याने स्वतःचंही एक प्यादं मागे घेतलं."

"आणि मामंजी?"

"बाबांनी दादाकडे रोखून पाहिलं. दादाने नजर खाली केली नाही. आमच्या घरात तसं आधी कधी झालं नव्हतं. बाबांनी पेपर परत वर केला, आणि तो विषय त्या घरात कधी निघाला नाही."

"पण मग नंतर सांगायचं ना मला!"

"सांगणार होता. जरा रुळू दे म्हणाला. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात. मग राहूनच गेलं. मी पुढे एकदा छेडलं, तर मला म्हणाला, 'आता कसं सांगू? तिला वाटेल इतके दिवस मी तिला मनात हसत होतो.' स्पर्धांना गेला असता तर तू बघायला येणारच होतीस. म्हणून जाणंच बंद केलं. मला शपथ घातली होती गं त्याने. तो गेल्यावर तरी बोलायला हवं होतं, पण वाटलं, कशाला उगाच."

मामी उठली. सुरी टेबलावर आपटली.

"मूर्ख माणूस!" ती ओरडली. इतक्या महिन्यांत तिचा तेवढा आवाज मी ऐकला नव्हता. "सांगितलं असतं तर मी काय मेले असते? एक नियम शिकायला मला कितीसा वेळ लागला असता? मी दर रविवारी म्हणायचे, जा ना कुठे खेळायला, दिवसभर काय घरात बसता. तर म्हणायचे, कंटाळा येतो!" आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "आणि वर मीच त्यांना बोलायचे, माघारी वापरता येत नाही म्हणून. मुद्दाम घालवायचे ते. मुद्दाम वाया घालवायचे."

ती रडली आणि रडता रडता हसायलाही लागली, कारण आईने मध्येच विचारलं की पेपरातल्या त्या भोकांचं तुला कधीच नवल वाटलं नाही का. मला तर मामाची इतकी आठवण आली की मी उठून उगाच पॉलिशचं चाक चालू केलं आणि बंद केलं. माणसाने एवढं प्रेम करावं आणि विचारलं तर नाव प्लास्टरच्या सुरीचं सांगावं, याचा मला रागच आला. अजूनही येतो. तो समोर असता तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते.

चार दिवसांनी मामीचा फोन आला. "बाहेरचे नियम नीट सांग मला. सगळे." मी सांगितले. तिला एकच गोष्ट सोडायची होती, बाकी सगळं तिला मामाने चोख शिकवलं होतं.

वाचनालयाचा जिना ती माझ्याही पुढे चढली. तिला पाहून ओळंबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी नको ते बोललो." मामीने "बसा हो" म्हणून खुर्ची ओढली. डाव सुरू झाला. तिने त्यांचा एक घोडा असा कोंडला की बघणाऱ्यांनी माना हलवल्या, आणि ओळंबा मला हळूच म्हणाले, "यांना शिकवणारा माणूस फार तयारीचा होता." मी म्हटलं, "हे त्यांना सांगा." त्यांनी खरंच पटावरून मान वर करून मामीला तसं सांगितलं. मामी नुसती "हं" म्हणाली, पण तिचे कान लाल झाले.

मग डाव फिरला. मामीचं मधलं एक प्यादं दोन्हीकडून अडकलं. ते गेलं की मागचा राजा उघडा पडणार हे मलाही दिसत होतं. तिचा हात सवयीने त्या प्याद्यावर गेला आणि वरच्या वर थांबला.

"घ्या मागे," ओळंबा म्हणाले. "आमचं सगळ्यांचं ठरलंय. तुमच्या टेबलावर डावात एकदा चालेल."

मामीने त्यांच्याकडे पाहिलं. हात काढून मांडीवर ठेवला.

"तुम्ही भले आहात," ती म्हणाली. "पण नको. ती चाल मी दुसऱ्या कुणाशी खेळणार नाही."

"अहो, मग हे प्यादं जाईल."

"जाऊ दे."

तिने दुसरीकडे उंट सरकवला. ओळंबांनी जरा थांबून प्यादं घेतलं, आणि पुढच्या काही चालींत मात झाली. मामीने आपला राजा स्वतःच आडवा केला, चष्मा पुसून परत कपाळावर चढवला आणि म्हणाली, "मांडा परत."